एकशे एकाहत्तर पावलं

अमडापूरच्या स्टँडवर उतरून कोणालाही विचारा, भागवत शेळके कुठं राहतात म्हणून. आधी विचारतील, कोणता शेळके? आणि मग स्वतःच म्हणतील, "तो दांडीवाला काय?" हाव, तोच. त्रेसष्ट वर्षांचा, अंगानं काटक, डोक्यावर पुढं चोच असलेली कॅप आणि हातात लोखंडी दांडी. तो रस्त्यानं निघाला की गावातली कुत्री आपणहून बाजूला होतात, कारण ती दांडी आपल्यासाठीच आहे अशी त्यांची ठाम समजूत आहे. ती दांडी गोल्फची आहे, सात नंबरची. हे कुत्र्यांना माहीत नाही आणि गावातल्या माणसांनाही सांगून पटलेलं नाही.

भागवत पुण्याजवळच्या एका क्लबात अठ्ठावीस वर्षं होता. होता म्हणजे मेंबर नव्हता, आधी गवत कापायला आणि नंतर कॅडी. कॅडी म्हणजे साहेबाच्या मागून पिशवी वाहायची, साहेबानं टोला मारला की बॉल कुठं पडला ते पाहायचं, आणि तो कुठंही पडलेला असला तरी "वा साहेब" म्हणायचं. अठ्ठावीस वर्षांत हा माणूस किती वेळा "वा साहेब" म्हणाला असेल, त्याची मोजदाद नाही. गावी आल्यावर बायकोनं चहाचा कप पुढं केला तरी त्याच्या तोंडून "वा साहेब" निघायचं. अन्नपूर्णाबाईंनी दोन-तीनदा ऐकून घेतलं आणि चौथ्यांदा कप परत नेला.

या नोकरीत भागवत एक गोष्ट मात्र पक्की शिकला. साहेब सकाळभरात शंभर टोले मारतो. त्यातले ऐंशी झुडपात, पाण्यात नाहीतर भलत्याच माणसाच्या गाडीच्या काचेवर. एकोणीस असेच तसेच. चांगला बसतो तो एकच. पण खेळ संपवून साहेब चहाला बसला की बाकीचे नव्याण्णव टोले जणू कुणी मारलेच नव्हते. तो एकटाच टोला टेबलावर येतो. पुढच्या रविवारी तोच टोला वीस पावलं लांब गेलेला असतो. दिवाळीपर्यंत त्याच्या वाटेत एक झाड उगवतं आणि बॉल त्या झाडावरून जातो. भागवत मागं पिशवी घेऊन उभा असायचा. झाड होतं हे त्यालाही माहीत होतं, पण ते पाठीमागच्या बाजूला होतं.

एक डॉक्टरसाहेब होते. त्यांचा बॉल एकदा थेट झेंड्याच्या काठीवर आदळून भोकापाशी पडला, हे ते सहा वर्षं सांगत होते. आता खरी गोष्ट अशी की तो बॉल झेंड्याला लागलाच नव्हता. तो वाकून गवत उपटणाऱ्या भागवताच्या पाठीत बसला होता आणि तिथून उडून भोकापाशी गेला होता. पाठीवर लिंबाएवढं टेंगूळ आलं. डॉक्टरसाहेबांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, वर मलमही दिलं. आणि तरी वर्षभरात त्यांच्या आठवणीतून भागवताची पाठ गेली आणि तिथं काठी आली. बरं, डॉक्टर खोटं बोलत नव्हते. त्यांना काठीवर आदळल्याचा आवाज खरोखर आठवत होता. भागवत हे क्लबाच्या मागच्या शेडमध्ये बाकीच्या कॅडींना नक्कल करून दाखवायचा आणि सगळे पोट धरून हसायचे. साहेब लोक किती येडे असतात, यावर त्याचं मोठं मनोरंजन झालं.

रिटायर झाल्यावर तो गावी आला तेव्हा सोबत एका साहेबानं चिडून तळ्यात फेकलेली ही दांडी होती आणि पाच बॉल. मुलगा पुण्यातच राहिला. तीन एकर शेत बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यावर दिलेलं. दिवसभर काय करायचं? एके दिवशी तो दांडी घेऊन गावाबाहेरच्या ई-क्लासवर गेला. ई-क्लास म्हणजे गावाचं गायरान, गुरं चरायची सरकारी जमीन. पाण्याच्या टाकीपाशी उंचवटा आहे, तिथून खाली उतार. उताराला पुढं शेतांकडे जाणारी पांदण आडवी जाते आणि पांदणीच्या पलीकडे नाला. टाकीपाशी उभं राहून भागवतानं पहिला टोला मारला आणि बॉल वीस फुटांवर सत्यभामाबाईच्या बोकडाच्या पायात गेला.

सत्यभामाबाई म्हणजे तिथं रोज शेळ्या चारणारी म्हातारी. तिनं बॉल उचलून पाहिला, हुंगून पाहिला आणि म्हणाली, "भागवता, हे कायचं अंडं हाय बाप्पा?"

दुसऱ्या दिवशी भागवतानं जोडीला खुर्शीदला नेलं. खुर्शीद त्याचा शाळेपासूनचा दोस्त. बाजारात त्याचं मोटार-पंप दुरुस्तीचं दुकान आहे, आणि विहिरीतली मोटार जळाली की अर्ध्या पंचक्रोशीला आधी खुर्शीद आठवतो आणि मग देव. तो पहिल्या दिवशी कंबरेवर हात ठेवून हसत होता. "साठीचा झाला अन् गोट्या खेळून राह्यला काय बे?" तिसऱ्या दिवशी त्यानं एक टोला मारून पाहिला. पाचव्या दिवशी त्यानं जुन्या पाइपाला वखराच्या पाशीचा, म्हणजे लोखंडी पात्याचा तुकडा वेल्डिंग करून स्वतःची दांडी बनवली. तिनं बॉल मारला की देवळातल्या घंटेसारखा आवाज यायचा आणि बॉल कुठंही जायचा. पण खुर्शीदला त्याचं काही वाटत नसे. आवाज झाला म्हणजे टोला झाला, असा त्याचा साधा हिशेब होता.

भागवताचा हिशेब वेगळा. तो सांगायचा, "खरा टोला बसला ना, तर हाताले काहीच लागत नाही. बॉल होता का नव्हता, समजत नाही. हाताले झिणझिण आली म्हंजे चुकला." ही त्याची अठ्ठावीस वर्षांची पाहणी होती, साहेबांच्या तोंडून ऐकलेली. त्याच्या स्वतःच्या हाताला मात्र रोज झिणझिण्या यायच्या.

आणि मग तो दिवस आला. मागच्या वर्षीचा जानेवारी, तूर सोंगायला, म्हणजे कापायला आलेली, सकाळचे आठ वाजलेले. खुर्शीद नेहमीप्रमाणे पुढं पांदणीपाशी जाऊन उभा राहिला होता, बॉल कुठं पडतो ते पाहायला. भागवताच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला आणि ऑपरेशनचं नाव काढलं की हा माणूस शेतात निघून जाणार. भागवतानं दांडी वर घेतली, कंबर वळली, दांडी खाली आली. आणि हाताला काही लागलंच नाही.

एवढंच झालं. पण ज्याला हे झालंय त्यालाच कळेल. भागवत दांडी खांद्यावर तशीच धरून उभा राहिला. त्याला वाटलं, बॉल जागेवरच राहिला की काय. खाली पाहिलं तर बॉल नाही. एक बारीक "टक्" असा आवाज तेवढा कानात राहिला होता. त्यानं तोंडाशी हात नेऊन आरोळी दिली, "गेला का रे नाल्यापार?"

खुर्शीद खाली वाकलेला दिसल्यासारखं वाटलं. मग त्याची आरोळी आली, "गेला बे! नाल्यापार गेला!"

दोघं मिळून पावलं मोजत गेले. टाकीपासून उतार, पांदण, नाला, नाल्याच्या पलीकडची थडी, म्हणजे काठ. बॉल तिथं गवतात पांढराशुभ्र पडला होता. एकशे एकाहत्तर पावलं. भागवत बॉलशेजारी खाली बसला. आयुष्यभर दुसऱ्याच्या पिशव्या वाहिल्या, दुसऱ्याच्या टोल्यांना "वा साहेब" म्हटलं, दुसऱ्याचे बॉल चिखलातून काढून धोतराला पुसले. हा एक टोला त्याचा स्वतःचा होता. त्याला रडू आलं आणि ते त्यानं लपवलंही नाही. "वा साहेब," खुर्शीद म्हणाला, आणि भागवतानं त्याला मिठी मारली.

आता इथं या दोघांनी एक चूक केली. आपल्या मुलखातच होऊ शकते अशी चूक. भागवतानं जिथं बॉल पडला तिथं खूण म्हणून नाल्यातला एक गोल काळा दगड आणून ठेवला. तो त्याला टाकीपासून दिसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी खुर्शीदनं दुकानातून रेड ऑक्साईडचा डबा आणला, मोटारींच्या बॉडीला मारायचा तो, आणि दगडाला दोन हात मारले. लांबून भागवतालाही लाल ठिपका दिसायला लागला. दोघं खूश. अरे, पण वऱ्हाडात दगडाला लाल रंग देऊन गायरानात एकटा सोडता का? याच मातीत जन्मलेली, वाढलेली माणसं, एकाच्याही डोक्यात आलं नाही.

श्रावणात सत्यभामाबाईची गाभण शेळी हरवली. दोन दिवसांनी सापडली ती नेमकी त्या दगडाला टेकून बसलेली, शेजारी दोन करडं. म्हातारीनं पहिलं झेंडूचं फूल वाहिलं. पुढच्या मंगळवारी कुणी नारळ फोडला. त्याच्या पुढच्या मंगळवारी तिघांनी. कुणीतरी म्हणालं, म्हसोबा आहे. पोळ्यापर्यंत तो जुना म्हसोबा झाला होता आणि दसऱ्याला लोक सांगत होते की आमच्या आज्यानं याला लहानपणी पाहिला होता.

भागवत घरी सांगायला गेला. "अवं, तो दगड मी ठेवला."

"ठेवला असन," अन्नपूर्णाबाई भाकरी थापत म्हणाल्या. "कोनाच्या तरी हातानंच ठेवा लागते. तो काय चालत येईन?"

"अन् रंग खुर्शीदनं देल्ला."

"मंग त्यालेही पुण्य लागन."

त्यातच नात प्रेरणाची बारावी होती. अन्नपूर्णाबाईंनी पाच मंगळवारांचा नवस बोलला आणि पोरगी एकसष्ट टक्क्यांनी पास झाली. पोरीनं रात्रंदिवस केलेला अभ्यास म्हसोबाच्या खात्यावर गेला आणि भागवताचा टोलाही त्याच खात्यावर जातो की काय, अशी वेळ आली.

पण खरं सांगायचं तर भागवताला हे सगळं फार काही नावडलं नाही. दगड प्रसिद्ध झाला की तिथं येणारा जाणारा विचारायचा, आणि भागवत चहाच्या टपरीवर बसून त्याला टोल्याची हकिगत सांगायचा. लोक देवाचं ऐकायला यायचे आणि गोल्फ ऐकून जायचे. सांगताना तो समोरच्याच्या तोंडाकडे पाहायचा, खरं वाटलं का म्हणून, आणि हकिगत दर आठवड्याला जरा भरत गेली. आधी बॉल फक्त नाल्यापार गेला होता. मग तो बाभळीवरून गेला. मग उन्हात चमकला, हवेत एक गिरकी घेतली आणि पलीकडच्या थडीवर धूळ उडवून दोनदा टप्पे खाऊन थांबला. "मी या डोयानं पाह्यलं," असं भागवत म्हणायचा, आणि म्हणताना त्याच्या त्या धुरकट डोळ्यांत खरंच ऊन चमकायचं. या सगळ्या काळात डॉक्टरसाहेबांची त्याला एकदाही आठवण आली नाही. माणूस असाच असतो, त्याला आपण काय करणार.

खुर्शीद अशा वेळी चहा घेऊन उठायचा. दुकान उघडं आहे म्हणायचा.

यंदा मे महिन्यात गोष्ट बिघडली. मंगळवारी गर्दी होती, आणि सत्यभामाबाई नाल्यातल्या गोट्यांवरून घसरली. पायाचा घोटा टम्म फुगला. चौघांनी उचलून पांदणीवर आणली. तिथंच सागर उभा होता. सागर म्हणजे ग्रामपंचायतीचा तरुण मेंबर, बोलायला मोकळा आणि कामाला हुशार. त्यानं सगळ्यांसमोर मांडलं, "आता हे पाहा, कोरड्या नाल्यात हे झालं. मिरग लागला की नाला भरन. बायाबापड्यांनी जावं कसं? देव नाल्याच्या इकडं आणू, पांदणीच्या कडेला. ओटा बांधू, वर टिनाचं शेड टाकू. काय म्हणता?"

लोक म्हणाले, बरोबर आहे. माना हलल्या. भागवताच्या तोंडात खोबऱ्याचा तुकडा होता. तो त्यानं तसाच गिळला.

"नाही!" तो ओरडला. "दगड जागचा हलणार नाही!"

सगळे वळून पाहायला लागले.

"इंचभर हलणार नाही! तठी पडला, तठीच राहीन! कोनं हात लावला तर माह्याशी गाठ आहे!"

देवधर्मासाठी बोटही न हलवणारा, आरतीच्या वेळी तंबाखू मळत उभा राहणारा हा माणूस, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी! रामराव गुरुजी म्हणजे शाळेतून रिटायर झालेले, गावात शब्दाला वजन असलेले. ते सावकाश म्हणाले, "भागवत बोलला ते खरं आहे. स्वयंभू देवाची जागा बदलत नसतात." लगेच अर्धे लोक तिकडे गेले. अर्धे सागरकडे राहिले. अर्ध्या तासाच्या गोंधळानंतर ठरलं की कमिटी करायची आणि कमिटीनं ठरवायचं. कमिटीचा अध्यक्ष कोण? ज्याची एवढी भक्ती, तोच. भागवताच्या गळ्यात हार पडला.

अन्नपूर्णाबाईंनी घरी येऊन दिवा लावला आणि पदरानं डोळे पुसले. अठ्ठावीस वर्षं पुण्यात राहून बिघडलेला नवरा अखेर सुधारला, असं त्यांना वाटलं. त्यांनी त्याला त्या दिवशी पुरणपोळी केली. भागवतानं ती खाल्ली आणि दांडी घेऊन ओसरीवर जाऊन बसला.

त्याला देव नको होता हो. त्याला ती जागा हवी होती. दगड नाल्याच्या अलीकडे आला तर काय राहिलं? टोला नाल्यापार गेलाच नाही असं होईल. चार वर्षांनी आकडा कोण लक्षात ठेवणार? लोक दगड पाहतील आणि म्हणतील, एवढाच गेला होता काय? बरं, साठी उलटलेल्या माणसाजवळ दाखवायला असतं काय? मुलगा दूर, शेत दुसऱ्याच्या हाती, नोकरी म्हणजे दुसऱ्याच्या पिशव्या. हा एक टोला होता. तो तेवढा जसा पडला तसा राहू द्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं. हे कुणाला सांगावं, तर लोक हसतील. आणि आता तर अध्यक्षच झालेला.

दोन दिवसांनी सत्यभामाबाई काठी टेकत, पाय ओढत त्याच्या ओसरीवर आली. घोट्याला हळदीचा लेप, वर फडकं. भागवताला वाटलं, आता ही भांडणार. दगड इकडे आण म्हणणार. त्यानं उत्तर तयार ठेवलं होतं.

म्हातारी पायरीवर बसली. "भागवता, तू बोलला ते मले पटलं बाप्पा. आमी आपल्या पायाचं पाह्यलं, देवाचं नाही पाह्यलं. तुह्यी भक्ती पाहून मले लाज वाटली. देव तठीच राहू दे. मी येत जाईन रांगत."

आणि तिनं त्याच्या पायाला हात लावला. सत्तरीच्या बाईनं! भागवत खाटेवरून ताडकन उठला. खुर्शीद शेजारीच बसून पंख्याचा रेग्युलेटर दुरुस्त करत होता. त्याच्या हातातला पेचकस खाली पडला. म्हातारी गेल्यावर त्यानं तो उचलला आणि रेग्युलेटर तसाच उघडा टाकून उठला.

"उद्या सकाळी टाकीवर ये," खुर्शीद जाताना म्हणाला. "दांडी आणू नको."

दुसऱ्या दिवशी खुर्शीद त्याला टाकीपाशी थांबू न देता सरळ खाली घेऊन गेला. पांदण ओलांडली. नाला समोर राहिला, पंधरा-वीस फुटांवर. तिथं तरवडाचं एक झुडूप आहे. खुर्शीद झुडपाच्या बुडाशी बोट दाखवून म्हणाला, "अठी पडला होता."

"काय?"

"बॉल. त्या दिवशीचा. अठी पडला होता, या तरवडात. मी उचलला अन् फेकला नाल्यापार."

भागवत हसला. "मजाक करून राह्यला काय बे? मी पाह्यला ना! बाभळीवरून गेला, उन्हात चमकला, असा गिरकी घेऊन..."

"भागवत," खुर्शीद म्हणाला, "तुले टाकीवरून म्हैस दिसत नाही."

भागवताचा हात गिरकी दाखवता दाखवता हवेतच थांबला. त्यानं टाकीकडे पाहिलं. टाकी म्हणजे एक राखाडी डाग होता. बाभळीकडे पाहिलं. बाभूळ होती, पण ती बरीच डावीकडे होती, टोल्याच्या वाटेत नव्हतीच.

"काऊन केलं?" तो म्हणाला. आवाज चढला. "काऊन केलं बे असं? दीड वर्ष गावभर सांगत हिंडलो मी! तू ऐकत होता!"

"तू तठून आरोळी देल्ली, गेला का रे नाल्यापार म्हून. तुह्या आवाजात कायतरी होतं. मले नाही म्हणवलं नाही. बॉल हातात होता, हात आपोआप गेला." खुर्शीदनं खालचा एक खडा पायानं ढकलला. "मंग वाटलं, सांगीन हप्ताभरानं, हसू दोघं. तं दगड आला. मंग रंग. रंग मीच देल्ला ना, येडा मी. मंग लोकायनं नारळ फोडाले सुरुवात केली. आता मी कोण्या तोंडानं सांगू? लोक म्हणले असते, खुर्शीद आपल्या देवाले बॉल म्हणते. माह्यं दुकान आहे बाजारात."

भागवतानं त्याला एक सणसणीत शिवी दिली. मग दुसरी दिली. तिसरी अर्धीच सोडून तो तरवडापाशी खाली बसला. पांदणीवरून एक बैलगाडी गेली, गाडीवानानं अध्यक्षांना हात जोडले, अध्यक्षांनी मान हलवली.

"अन् मंग हाताले काही लागलं नव्हतं ते?" भागवतानं विचारलं. तो खाली पाहूनच बोलत होता. "तेबी नव्हतं काय?"

"ते मी कसं सरकवीन बे?" खुर्शीद चिडून म्हणाला. "ते तुह्यं. टक् वाजलं ते मी अठून ऐकलं. दीड वर्षात तसा आवाज ना तुह्या दांडीतून निघाला, ना माह्या. मी फक्त पडलेला उचलला."

भागवत उठला. टाकीपर्यंत वर गेला, वळला आणि या वेळी स्वतः मोजत खाली आला. मोठ्यानं मोजत होता, लांब पावलं टाकायचा मोह दोनदा झाला आणि दोनदा त्यानं पाय आखडला. तरवडाशी पोचला आणि आकडा सांगितला. एकशे बत्तीस. मध्ये एक पाऊल दगडावर पडलं होतं, म्हणून परत वर जाऊन पुन्हा मोजलं. पुन्हा एकशे बत्तीस.

मंगळवारी सगळे जमले. अध्यक्ष उभे राहिले. "दगड इकडं आणा," ते म्हणाले. "पांदणीच्या कडेला."

रामराव गुरुजी चष्मा सावरत म्हणाले, "अहो, परवा तर तुम्ही..."

"परवाचं परवा गेलं. मले खरी जागा समजली."

"कोनं सांगतली?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

भागवतानं खुर्शीदकडे पाहिलं. खुर्शीद घाईघाईनं आभाळाकडे पाहायला लागला.

"ज्यानं पाह्यली त्यानं," भागवत म्हणाला.

बस्! एवढं ऐकलं आणि लोकांच्या अंगावर काटा आला. बायांनी पदर डोक्यावर घेतले. गुरुजींनी चष्मा काढून हात जोडले. दृष्टांत झाला, दृष्टांत झाला, असं पांदणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. खुर्शीदला असा ठसका लागला की दोघांनी त्याची पाठ चोळली.

दगड भागवतानंच उचलला. कुणाला हात लावू दिला नाही. नाला उतरला, चढला, तरवडापाशी आला आणि खाली ठेवला. सागर म्हणाला, "काका, अजून दहा पावलं इकडं घ्या ना, शेडला बरं पडन, ट्रॅक्टरही वळन."

"अठीच," भागवत म्हणाला. "दहा नाही, एकही नाही." सागरनं शेडचा नकाशा मनातल्या मनात बदलला. सत्यभामाबाई काठी टेकत पांदणीवरून आली, नाला न ओलांडता, आणि फूल वाहून शेजारीच बसली.

सगळ्यांचं झाल्यावर भागवत पुढं झाला. त्यानं कॅप काढली, हात जोडले, वाकला आणि ओठ हलवले. दीड वर्षात त्यानं हे कधी केलं नव्हतं. अन्नपूर्णाबाई त्याच्याकडे एकटक पाहत होत्या. तो मागं आला तसं त्यांनी हळूच विचारलं, "काय मागतलं?"

"मागतलं नाही. सांगतलं."

"काय सांगतलं?"

"एकशे बत्तीस."

अन्नपूर्णाबाईंना काही उमगलं नाही. पण भागवताच्या लक्षात आलं, की हा आकडा सांगताना, समोरच्याला खरा वाटला की नाही हे पाहायला त्यानं बायकोच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं.